वाटणीची जागा

घराची वाटणी करणे म्हणजे काय, हे ज्याने ती केली नाही त्याला सांगून कळायचे नाही. बाहेरच्याला वाटते, दोघे भाऊ, चार खणांचे घर. दोन खण तुला, दोन खण मला, मध्ये एक भिंत, की संपले! पण ती भिंत घालायची कुठून? माजघरातून घालावी तर देव कोणाकडे राहायचे? परसातून घालावी तर आडाचे काय करायचे? आड काही कापता येत नाही. आणि आंब्याचे झाड एकाच्या हद्दीत, त्याची सावली मात्र दुसऱ्याच्या अंगणात, याचा निवाडा कोणत्या कागदावर लिहायचा?

आमच्या कृष्णाकाठच्या घराची वाटणी २०१९ च्या मे महिन्यात झाली. मी थोरला, शिक्षणाच्या आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने पन्नास वर्षे पुण्यात राहिलेला. धाकटा तिथेच राहिला. शेत त्याने पाहिले, आईवडिलांची आजारपणे त्याने काढली, दर उन्हाळ्यात कौलेही त्यानेच शाकारून घेतली. आमच्यात वाद असा नव्हताच. "दादा, तू म्हणशील तसं," असे तो म्हणे आणि "छे, छे, तुझ्या सोयीनं होऊ दे," असे मी म्हणे. इतक्या सौजन्याने सुरू झालेले काम सरळ पार पडत नसते, हे माझ्या वयाच्या माणसाने तेव्हाच ओळखायला हवे होते.

भिंतीची रेघ ठरली. मग भांड्यांची यादी निघाली. घंगाळ त्याला, हंडे मला. समयांची जोडी फोडू नये म्हणून ती त्याला आणि तिच्या बदल्यात मोठी परात मला. यादीच्या तळाशी एक पितळी गडू उरला. गडू केवढा, तर लहान मुलाच्या दोन हातांत मावेल एवढा. त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली तीन अक्षरे. माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीचे ते नाव. ती सात वर्षांची असताना पटकीने गेली. त्या गोष्टीला आता शंभर वर्षे होत आली.

"हा मी नेतो," मी म्हणालो.

"हा नाही, दादा," धाकटा म्हणाला.

का, ते मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. दोन हंडे हसत सोडणारा माणूस मूठभर पितळेवर अडतो, तेव्हा तो पितळेसाठी अडलेला नसतो, एवढे मला कळत होते. पण कशासाठी अडला, याचा अर्थ मी माझ्या मनाने लावला, आणि तो चुकीचा लावला. मला वाटले, आयुष्यभर 'दादा म्हणेल तसं' म्हणालेल्या माणसाला एकदा तरी 'नाही' म्हणून पाहायचे आहे. मी यादीची घडी घालून खिशात ठेवली आणि दुपारच्या गाडीने पुण्याला परतलो. त्यानंतर दोन वर्षे आम्ही दोघे बोललो ते कागदपत्रांपुरते, आणि तेही वकिलाच्या तोंडून.

यातली खरी गंमत पुढेच आहे. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत असे. नोकरीची शेवटची पंधरा वर्षे तरी दर वर्षी, फळ्यावर खडूने आकृती काढून, मी मुलांना एक वाटणीच समजावून सांगत आलो होतो. ती वाटणी जंतूच्या घरातली होती. ती बिनबोभाट कशी होते, हे मला तोंडपाठ होते. घरी त्याचा उपयोग काय झाला, ते वाचकांनी वर वाचलेच आहे!

ती हकीकत सांगतो. त्यासाठी विज्ञान शिकलेले असण्याची जरुरी नाही. झेंडूचे दोन हार डोळ्यांपुढे आणले म्हणजे पुरे.

तुमच्या-आमच्या आतड्यात ई. कोलाय नावाचा एक जंतू राहतो. लांबीला तो मिलिमीटरचा पाचशेवा भाग. त्याचा सगळा संसार ज्यात लिहिला आहे तो डीएनएचा धागा मात्र सरळ केला तर दीड मिलिमीटर भरेल, म्हणजे जंतूच्या स्वतःच्या लांबीच्या सात-आठशे पट. त्या धाग्यावर चारच प्रकारची अक्षरे, पण ती सुमारे ४६ लाख. आणि विशेष असा की या धाग्याला टोकेच नाहीत. आपल्या गुणसूत्रांना दोन टोके असतात; जंतूचे गुणसूत्र हारासारखे गोल असते.

पोटभर खायला मिळाले तर हा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. त्याआधी त्याला त्या हाराची हुबेहूब नक्कल करावी लागते. एका ठरलेल्या जागी नकलेचे काम सुरू होते, दोन्ही बाजूंनी दोन कारागीर निघतात आणि हाराच्या नेमक्या समोरच्या अंगाला येऊन भेटतात. एका हाराचे दोन हार झाले. आता एक या लेकीला, एक त्या लेकीला. मध्ये भिंत घालायची आणि वेगळे व्हायचे.

पण नक्कल करताना धागा कुठे कुठे तुटतो. एवढा लांब धागा इतक्या घाईने उतरवायचा म्हटल्यावर तो तुटायचाच. मग तो सांधायचा कसा? शेजारी दुसरा, अगदी तसाच हार पडलेला असतो. त्याच्या आधाराने तुटलेला भाग पुन्हा नीट जुळवून घेतला जातो. या डागडुजीत कधी कधी असे होते की या हाराचे टोक त्या हाराला आणि त्या हाराचे टोक या हाराला जोडले जाते. घरी हार करताना हे करून पाहा. दोन गोल हार शेजारी ठेवा, दोघांनाही एकेका जागी कापा आणि टोकांची अदलाबदल करून गाठी मारा. दोन हार राहणार नाहीत. दुप्पट लांबीचा एकच हार होईल! अशी अदलाबदल दोनदा झाली तर पुन्हा दोन सुटे हार मिळतात. एकदा, तीनदा, पाचदा झाली की मात्र दोन्ही लेकींचा वारसा एका वेढ्यात अडकतो.

हे क्वचित घडत असेल असे वाटेल. पण प्रयोगशाळेत वाढणाऱ्या ई. कोलायमध्ये दर पिढीला शंभरांतल्या दहा ते पंधरा जंतूंवर ही पाळी येते. म्हणजे दर सात-आठ घरांमागे एका घरात वारसा गुंतलेला! आणि इकडे भिंत तर वर चढू लागलेली असते. गुंता सुटला नाही तर तो मोठा हार भिंतीच्या बरोबर खाली सापडतो. गुंता सोडवणारी यंत्रणा ज्यांच्यात बिघडलेली आहे असे जंतू प्रयोगशाळेत पाहायला मिळतात. त्यांतले कित्येक दोन होऊच शकत नाहीत, नुसते दोरीसारखे लांबत जातात. काहींचा डीएनए भिंतीखाली चिरडला जातो आणि दोन्ही लेकी मरतात.

तेव्हा कापायला तर हवेच. प्रश्न आमच्या घरातलाच: कापायचे कुठे?

या प्रश्नाचे उत्तर जंतूने आपल्या हारातच लिहून ठेवले आहे. जिथे नकलेचे दोन कारागीर भेटतात, त्या अंगाला अठ्ठावीस अक्षरांचा एक छोटासा मजकूर आहे. त्याला 'डिफ' म्हणतात. ४६ लाखांतली २८ अक्षरे! या मजकुरात कोणतेही जनुक नाही, त्यापासून शरीरातला कोणताही पदार्थ बनत नाही. त्याचे काम एकच: कापायचे असेल तर इथे कापा, म्हणजे कोणाचे काही जाणार नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत पीटर क्यूम्पेल यांच्या आणि ब्रिटनमध्ये डेव्हिड शेराट यांच्या प्रयोगशाळेने ही जागा दाखवून दिली. १९९३ पर्यंत शेराट यांच्या मंडळींना तिथे काम करणारी दोन एन्झाइमेही सापडली: झेर-सी आणि झेर-डी. अठ्ठावीसपैकी पहिली अकरा अक्षरे झेर-सीची बसायची जागा, शेवटची अकरा झेर-डीची, आणि मधली सहा त्या दोघांमधली मोकळी जागा. या सहा अक्षरांच्या एका कडेला एक कापते, दुसऱ्या कडेला दुसरे.

शास्त्राच्या पुस्तकात याला 'स्थाननिश्चित पुनर्संयोजन' म्हणतात. हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरची मुले खिडकीबाहेर पाहू लागत. मग मी म्हणायचो, "अरे, ठरलेल्या जागी कापून ठरल्याप्रमाणे जोडणं, एवढंच!" तेव्हा ती परत यायची.

गुंतलेल्या मोठ्या हारात हा मजकूर दोनदा येतो, कारण मूळचे हार दोन. या दोन जागा एकमेकींजवळ आणून बसवायला हव्यात. त्यासाठी भिंत जिथे चढते आहे नेमक्या तिथेच एक तिसरे यंत्र बसलेले असते. त्याचे नाव एफटीएसके. नाव रुक्ष आहे, पण काम पाहण्यासारखे आहे. ते डीएनएचा दोर सेकंदाला सुमारे पाच हजार अक्षरांच्या वेगाने ओढते. कोणत्या दिशेने ओढायचे? दोरावर जागोजागी आठ-आठ अक्षरांच्या खुणा आहेत, रस्त्यावरच्या बाणांसारख्या, आणि ते बाण 'डिफ'कडे बोट दाखवतात. ओढत ओढत दोन्ही 'डिफ' भिंतीपाशी येतात, समोरासमोर बसतात, आणि मग एफटीएसके झेर-डीला स्पर्श करून सांगते, "आता काप."

तोवर झेर-डी कापत नाही. मला हे नेहमी फार आवडत आले आहे. कात्री हातात आहे, जागा समोर आहे, पण भिंत खरोखरच चढते आहे आणि दोन्ही बाजू जमल्या आहेत, असे कळेपर्यंत कात्री चालत नाही.

आता कापणे. माझ्या या लेखाचा जीव इथे आहे.

डीएनएचा धागा दुपेडी असतो. ही एन्झाइमे दोन्ही पेड एकदम कापत नाहीत. आधी झेर-डी दोन्ही हारांतला एकेक पेड कापते, त्यांची अदलाबदल होऊन ते जोडले जातात. मग झेर-सी उरलेले एकेक पेड कापते आणि तेही तसेच जोडते. मधल्या क्षणी चार धाग्यांचा एक चौक तयार झालेला असतो. असा चौक असला पाहिजे, हे रॉबिन हॉलिडे या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मांडले होते, म्हणून त्याला हॉलिडेचे नाव आहे.

पण याहून मोठी गोष्ट पुढे आहे. प्रयोगशाळेत डीएनए कापणारी दुसरीही एन्झाइमे असतात. ती कापतात आणि निघून जातात. तुटलेली टोके तशीच सुटी राहतात. ती सांधायला दुसरे कोणी बोलवावे लागते आणि त्याला त्याची मजुरी, म्हणजे नवी ऊर्जा, मोजावी लागते. झेर-सी आणि झेर-डी तसे करीत नाहीत. त्यांच्या अंगात टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचा एक हात असतो. तो हात धागा तोडतो, आणि ज्या क्षणी तोडतो त्याच क्षणी तुटलेले टोक स्वतःलाच जोडून घेतो. नुसते पकडत नाही. रासायनिक बंधाने स्वतःशी बांधून घेतो. गाठ सुटली तेव्हा तिच्यातली ऊर्जा वाया गेली नाही, ती त्या हातात राहिली. समोरचे टोक आले की हात आपली गाठ सोडतो आणि दोन टोकांची गाठ बांधून देतो. जोडायला बाहेरून काही आणावे लागत नाही. तोडल्यापासून जोडेपर्यंत एकही टोक क्षणभरसुद्धा मोकळे सुटलेले नसते.

मुलांना मी सांगत असे, "हे लक्षात ठेवा. ज्यानं तोडलं, त्यानंच टोक धरून ठेवलं आहे." परीक्षेत हा प्रश्न पाच गुणांना येई.

या टायरोसिनवाल्यांचे घराणे मोठे आहे आणि त्यांचा उपयोग करणारेही अनेक. जंतूंनाही विषाणू गाठतात. त्यांना फेज म्हणतात. लॅम्डा नावाचा असाच एक फेज एस्थर लेडरबर्ग यांनी १९५१ मध्ये ई. कोलायमध्ये लपलेला शोधून काढला. तो लपतो कसा, याचा उलगडा अ‍ॅलन कॅम्बेल यांनी १९६२ मध्ये सुचवला. लॅम्डा स्वतःचा डीएनए गोल करतो आणि यजमानाच्या हारात एका ठरावीक जागी एकच काप घेऊन गुंफून घेतो. त्याचे स्वतःचे एन्झाइम त्याने बरोबर आणलेले असते. पिढ्यानुपिढ्या तो पाहुण्यासारखा गुपचूप राहतो. यजमानाच्या डीएनएला मोठी इजा झाली, घर पडायला आले असे दिसले, की ज्या जागी शिरला तिथूनच स्वतःला कापून घेतो आणि यजमानाला फोडून बाहेर पडतो. सालमोनेला जंतूत तर आणखी निराळा प्रकार. तिथे हजारएक अक्षरांचा एक तुकडा जागच्या जागी उलटापालटा केला जातो. तुकडा सुलटा असला तर जंतूला एका जातीच्या शेपट्या, उलटा असला तर दुसऱ्या. आपल्या शरीराचे पहारेकरी एक शेपटी ओळखायला शिकतात तोवर थोड्या जंतूंनी पेहराव बदललेला असतो. हे काम करणाऱ्या एन्झाइमचे घराणे वेगळे, त्याचा हात सेरीनचा, आणि ते चारही पेड एकदम कापून अर्धा भाग गर्रकन फिरवते. पण टोके न सोडण्याचा नियम तिथेही तोच.

आता मला त्या गडूकडे परत यायला हवे. वाचकांना वाटेल, जंतूंच्या वाटणीचा आणि आत्याच्या गडूचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो मला फार उशिरा कळला.

मी पाच-सहा वर्षांचा असताना एकदा खेळून आलो आणि देवघरातल्या त्या गडूतच पाणी घेऊन प्यायला लागलो. आजीने तो हातातून हिसकावला. आजी कधी कोणावर हात टाकणारी नव्हती. म्हणून ते मला आठवते. मग ती स्वतःच पायरीवर बसली आणि तिने मला सांगितले. आषाढात गावात पटकी आली होती. पोरीला रात्री लागण झाली. सकाळपर्यंत डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली. "पाणी दे" म्हणून ती सारखी मागत होती. वैद्य म्हणाले, पाणी द्यायचे नाही, पाण्याने रोग वाढतो. त्या काळी पुष्कळ ठिकाणी तसेच सांगत. आजीने गडू उचलून फळीवर ठेवला, पोरीला दिसणार नाही असा. दुपारी ती गेली.

"मी तिला पाणी दिलं नाही रे," आजी म्हणाली. त्या वेळी मला त्यातले काही कळले नाही.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात निश्चित ओळखला. पण तो माणसाला मारतो कसा, हे आणखी पंचाहत्तर वर्षे नीट कळले नव्हते. ते दाखवले कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी, १९५९ मध्ये. जंतू गाळून काढलेल्या नुसत्या पाण्याने सशाच्या आतड्यात तसाच पूर येतो, हे त्यांनी सिद्ध केले. म्हणजे मारतो तो जंतूने सोडलेला एक विषारी पदार्थ. तो आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावतो. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. रोगी मरतो तो पाणी संपल्यामुळे. त्यावरचा उपाय म्हणजे पाणी, मीठ आणि साखर. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी हजारोंना पाजले आणि ते वाचले. आजी तोवर गेली होती. हे तिला कळले नाही ते बरे झाले की वाईट, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पुढे १९९६ मध्ये मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकॅलॅनोस यांनी दाखवले की विष बनवणारी जनुके मुळात पटकीच्या जंतूची नाहीतच! ती एका फेजची आहेत. तो फेज अंगात शिरला नसेल तर त्या जंतूला हे विष बनवता येत नाही. तसे कितीतरी जंतू खाड्यांच्या पाण्यात आपले आपण राहत असतात. मग हा फेज शिरतो कुठून? लॅम्डासारखे स्वतःचे एन्झाइम तर त्याच्याजवळ नसते.

याचे उत्तर २००२ मध्ये आले. मी ते वाचले तेव्हा वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभा होतो, आणि तास सुरू झाल्याची घंटा मला ऐकू आली नाही. हा फेज शिरतो तो बरोबर 'डिफ'वर, आणि त्यासाठी तो घरातलीच एन्झाइमे वापरतो: झेर-सी आणि झेर-डी! २००५ मध्ये त्याची युक्तीही कळली. फेजचा धागा एकपेडी असतो. तो स्वतःवरच केसाच्या आकड्यासारखा दुमडतो आणि दुमडलेल्या भागात 'डिफ'सारखाच मजकूर तयार होतो. झेर-सी फसते. तिला वाटते, वाटणीची वेळ आली. ती कापते, टोक धरून ठेवते आणि मोठ्या इमानाने परक्याच्या टोकाला जोडून देते. फेज एकदा शिरला की त्याच वाटेने सुटून जात नाही. आणि कावा असा की शिरताना तो 'डिफ' मोडत नाही. त्याच्या कडेला चांगला, चालू 'डिफ' शिल्लक राहतो, म्हणजे घरातल्या पुढच्या वाटण्या पूर्वीप्रमाणे होत राहाव्यात. यजमान जगला तरच पाहुणा जगणार!

भाऊबंदकीत तिसरा शिरतो तो कुठून शिरतो, हे आपल्या खेड्यापाड्यांत कोणालाही विचारा. तो भिंत फोडून येत नाही. दोघा भावांनी वाटणीसाठी जी जागा मोकळी केलेली असते, तिथूनच येतो.

आत्या शंभर वर्षांपूर्वी गेली ती या अठ्ठावीस अक्षरांतून शिरलेल्या विषाने. हे मला ठाऊक होते. ते मी शिकवले होते. आणि तरीही तिच्या गडूवरून भावाशी अबोला धरून मी बसलो होतो.

२०२१ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या साफसफाईत, माझ्या जुन्या टिपणांच्या वह्या निघाल्या. रद्दीत घालण्याआधी आमच्या सौभाग्यवती त्या चाळत होत्या. एका पानावर लाल शाईने मी लिहिले होते: 'ज्याने तोडले, त्यानेच टोक धरून ठेवले आहे. पाच गुण.' त्यांनी ते मोठ्याने वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "अहो, तुम्हाला किती मिळाले?"

मी उठलो आणि धाकट्याला फोन लावला. दोन वर्षांनी. "कसा आहेस?" झाल्यावर काय बोलावे ते दोघांनाही सुचेना. मग मी ज्या प्रश्नासाठी दोन वर्षे उशीर केला होता तो विचारला.

"तो गडू तुला का हवा होता रे?"

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, आजी जायच्या आधी तिनं मला सांगितलं होतं. रोज सकाळी त्यात ताजं पाणी भरून देवांपुढं ठेवत जा म्हणाली. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. तू पुण्याला गेला होतास. तेव्हापासून भरतोय. तू पुण्याला नेला असतास तर तो काचेच्या कपाटात गेला असता."

मी काही बोललो नाही. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आमच्या दिवाणखान्यात काचेचे कपाट आहे, आणि गडूची त्यातली जागासुद्धा मी मनाशी ठरवून ठेवली होती.

पन्नास वर्षे एक माणूस रोज सकाळी तहानलेल्या पोरीपुढे पाणी भरून ठेवतो आणि ते कोणाला सांगत नाही. मी त्याला पितळेची हाव समजलो. कापण्याची जागा मला कळली नव्हती ती नव्हतीच. पण त्याहून मोठी चूक ही की कापल्यावर मी टोक सोडून गाडीत बसलो. टोक धाकट्याने धरून ठेवले होते, म्हणून ते जोडता आले.

त्या दिवाळीला आम्ही सगळे गावी गेलो. मधली भिंत आहे; ती पाडली नाही, पाडायचे कारणही नाही. वाटणी ही वाईट गोष्ट नव्हे. जंतूच्या घरी ती झाली नाही तर दोन्ही लेकी मरतात. फक्त धाकट्याने परसाच्या अंगाला एक दार ठेवले आहे, आडावर जायला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझी नात अंगणात भुईचक्रामागे पळून दमली आणि धावत त्या दारातून पलीकडे गेली. तीही सात वर्षांची. देवघरात धाकटा बसला होता.

"काकाआजोबा, पाणी," ती म्हणाली.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मग देवांपुढचा गडू उचलून तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी तोंडाला लावला, घटाघटा संपवला आणि पुढे करून म्हणाली, "अजून."

धाकटा उठला आणि तो भरून आणायला आडावर गेला.